पाच फुटांचा हिशेब

8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाजवळ विजेच्या मनोऱ्यावरचा एक झिजलेला लोखंडी आकडा तुटला. वय सुमारे शंभर वर्षं. त्यातून पेटलेला वणवा विझायला 17 दिवस लागले. 85 माणसं गेली, 18,804 इमारती गेल्या, 1,53,336 एकर जमीन जळाली. एवढे एकर डोळ्यांपुढे येत नसतील, तर कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची अख्खी मुंबई धरा; वर थोडी जमीन उरेलच.

आता बंबांचं गणित मांडू. प्रत्येक इमारतीपुढे एक बंब आणि बंबावर फक्त तीन माणसं धरली, तरी 56,412 जवान लागले असते. ठिकठिकाणांहून कुमक येऊन वणव्याच्या ऐन भरात जमले ते पाच हजारांच्या वर. पहिल्या सकाळी तर आग विझवण्याऐवजी माणसं बाहेर काढण्यातच त्यांची शक्ती गेली, आणि ते योग्यच होतं.

पाण्याचीही तीच गत. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसचा पॅलिसेड्स भाग पेटला, तेव्हा डोंगरावरच्या तीन टाक्या भरलेल्या होत्या. प्रत्येकीत दहा लाख गॅलन, तिन्ही मिळून 1 कोटी 13 लाख लिटर. सलग 15 तास नेहमीच्या चौपट उपसा झाला. पहिली टाकी दुपारी पावणेपाचला संपली, तिसरी पहाटे तीनला. जवळचा मोठा तलाव दुरुस्तीसाठी रिकामा होता, यावरून पुढे पुष्कळ भांडण झालं. पण शहराचे नळ एखाद-दुसरं पेटतं घर विझवायला घातलेले असतात. डोंगर विझवायला नव्हे.

मग घर वाचतं कशानं? अमेरिकी वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या जंगलात लाकडी भिंती उभ्या करून समोरचं रान पेटवून दिलं. 10 मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला, 30 मीटरवरच्या भिंतीला चटकासुद्धा बसला नाही. ज्वाळांची झेप इतकीच. घरं बहुतेक वेळा पेटतात ती उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी. पन्हळीतला पाचोळा, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण, दारातलं पायपुसणं, एवढं त्यांना पुरतं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या नव्या घरांच्या झरोक्यांना फार तर 3 मिलिमीटर छिद्राची धातूची जाळी चालते. हे काम बंबवाल्याचं नाही, घरमालकाचं. आणि तेही वणव्याच्या दिवशी करायचं नाही.

पॅराडाइजमधली 1997 च्या आधीची घरं शेकडा 11.5 वाचली, नंतरची 38.5. तिप्पट! पण उरलेली एकसष्टही नवीच होती ना? अभ्यासकांनी तिथं अंतरं मोजली. 18 मीटरच्या आत शेजारचं घर जळालं असेल, तर आपलं वाचणं कठीण. गावातले प्लॉट लहान. आपण पन्हळ साफ केली तरी शेजाऱ्याची पन्हळ आपल्या हातात कुठे?

भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काही ठेवू नये, असा कायदा कॅलिफोर्नियानं 2020 मध्ये केला. नियम 2023 उजाडेपर्यंत व्हायचे होते. पॅलिसेड्स जळालं तेव्हाही ते झालेले नव्हते. कुंपणं आणि झुडपं कोणी काढायची, यावर वाद चालूच होता.