पाळणा जुना चालेल, रंग बघून घ्या

नांदेड-लातूरकडे अनेक घरांत बारशाचा पाळणा नात्यातून येतो. नाहीच मिळाला तर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. त्यात गैर काही नाही, लाकूड-लोखंड टिकतं. काळजी घ्यायची ती रंगाची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाळणा त्याआधीचा असेल आणि पोपडे निघत असतील, तर घेऊ नये. दात येताना बाळ कठडा चावतं आणि शिसं मेंदूची वाढ बिघडवतं. घरी पॉलिशपेपरने घासणं त्याहून वाईट. शिशाची धूळ घरभर होते. दोन गजांतली फट सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर अंग निसटून डोकं अडकतं. गादी मात्र नवी आणि घट्टच घ्यावी.