वाळुंज : नदीकांठचा राखणदार

स्तोत्रसंहितेच्या १३७ व्या स्तोत्रांत, बाबेलच्या नद्यांच्या कांठीं बसलेल्या बंदिवानांनीं आपल्या वीणा झाडांवर टांगल्याची कथा आहे. मराठी भाषांतरांत त्या झाडांस ‘वाळुंज’ म्हटलें आहे. तीं झाडें खरोखर वाळुंजाचींच होतीं, कीं त्याच कुळांतील दुसऱ्या एखाद्या जातीचीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु वाळुंज पाहण्यास आपणांस बाबेलास जावें लागत नाहीं. सह्याद्रींतून निघणाऱ्या नद्या व ओढे यांच्या कांठीं हा वृक्ष उगवतो. इंग्रजी पुस्तकांतील ‘विलो’चा हा भारतीय भाऊ होय.

याचीं पानें लांबट व टोंकाला निमुळतीं असून त्यांची खालची बाजू फिकट पांढुरकी असते. नरफुलें एका झाडावर, तर मादीफुलें दुसऱ्या झाडावर येतात. फळ उकललें म्हणजे रेशमासारख्या पांढऱ्या तंतूंचें बीं वाऱ्यावर उडूं लागतें. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनीं या झाडास ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’ असें नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘चार बियांचा’ असा आहे.

विलोच्या सालींतून १८२८ सालीं ‘सॅलिसिन’ हें कडू द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पुढें त्याच धाग्यावरून शोध लागत जाऊन आज घरोघरीं ठाऊक असलेली ॲस्पिरिन ही गोळी तयार झाली. वाळुंजाच्या लवचिक डहाळ्यांच्या टोपल्याहि विणतात.

तथापि आमच्या मतें याचें मोठें काम निराळेंच आहे. पूर आला असतां ताठ झाड उन्मळून पडतें. वाळुंज मात्र पाण्याबरोबर वांकतो व पूर ओसरल्यावर पुन्हां उभा राहतो. त्याच्या मुळांचें दाट जाळें कांठची माती धरून ठेवतें. जेथें कांठ उघडा पडतो, तेथें दर पावसाळ्यांत शेताची कड ढांसळून नदींत जाते. एकदां वाहून गेलेली माती शेतकऱ्यास परत मिळत नाहीं.

आपलें शिरवळ नीरेच्या कांठीं वसलेलें आहे. वाळुंजाची ओली फांदी दमट मातींत खोंवली तरी ती मूळ धरते. त्यास पैसा लागत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींस बरोबर घेऊन पावसाळ्याच्या आरंभीं उघड्या कांठावर अशा फांद्या लावाव्या, व गुरांनीं खाऊं नये म्हणून त्यांभोंवतीं कांटे घालावे, एवढीच आमची विनंती आहे.