आंब्याच्या पेटीतला स्वयंपाक

8 एप्रिल 2025 पासून घरगुती गॅसचा सिलिंडर 50 रुपयांनी महागला. त्याच सुमारास माझी भाची ऑनलाइन मागवलेला ‘थर्मल कुकर’ दाखवायला घेऊन आली. आत स्टीलचं भांडं, बाहेर दुहेरी भिंतीचा जाड डबा, वर घट्ट झाकण. डाळीला उकळी आणायची, थोडा वेळ गॅसवर ठेवायची, मग भांडं डब्यात सोडून आपल्या कामाला लागायचं. किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. वर तिचं वाक्य, “मावशी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना!” सिलिंडरच्या 50 रुपयांपेक्षा हे वाक्य जास्त झोंबलं. म्हणून हा मागोवा.

मूळ पुरुषाचा शोध मी भराभरा उरकते, कारण त्यात मला फारसा रस नाही. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात असली उष्णता धरून ठेवणारी पेटी नॉर्वेहून आली होती. दोन्ही महायुद्धांत इंधनाची चणचण झाली तेव्हा युरोपातल्या गृहिणींनी गवताने भरलेल्या खोक्यांत सूप शिजवलं. आपल्याकडे 1910 च्या आसपास बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मलिक यांनी इकमिक कुकर काढला; थोड्याशा कोळशावर आणि वाफेवर एकावर एक रचलेल्या डब्यांत सगळं जेवण सावकाश शिजायचं. हे सगळे थोरच. पण माझ्या आजीच्या चुलीला वैल होता, म्हणजे त्याच जाळाची ऊब घेणारं बाजूचं तोंड. भाताला आधण आलं, तांदूळ वैरले, अर्धेकच्चे शिजले की भांडं वैलावर सरकायचं आणि चुलीवर भाकरीचा तवा चढायचा. भात आपला आपण मुरायचा. एकाच जाळावर दोन कामं व्हायची आणि याला कोणी शोध म्हणत नसे.

आजी कोकणातली. घरात उकडा तांदूळ, सकाळी पेज. हा तांदूळ शिजायला हट्टी. वैलाशिवाय त्याला वठणीवर आणणं म्हणजे लाकडं जाळत बसणं. गिरणगावात नोकरीसाठी आलेल्या कोकण्यांनी हा तांदूळ बरोबर आणला, पण चूल गावीच राहिली. चाळीतल्या खोलीत आला वातीचा नाहीतर पंपाचा स्टोव्ह. स्टोव्हला वैल नसतो. म्हणजे भात मुरेपर्यंत रॉकेल जळत राहायचं. मुंबईच्या स्वयंपाकघराने आपलं काय हिरावून घेतलं, याचा हिशेब त्या काळी कुणी मांडला नाही.

आता मी जिथे खरं रेंगाळणार आहे, ते दशक. 1980 ते 90. लालबागच्या चाळीतली आमची खोली, आणि गॅससाठी नाव नोंदवून वर्षं उलटलेली. आमच्या एजन्सीतला माणूस दर खेपेला वही उघडायचा, बोट फिरवायचा आणि म्हणायचा, “यादी पुढे सरकली की कळवू.” यादी सरकायची, पण भलत्याच दिशेने. खासदारांच्या हाती जोडण्यांचा कोटा असे, आणि ज्यांचा खासदाराच्या माणसांशी घरोबा, त्यांच्या दारात सिलिंडर आधी उतरायचा. माझ्या धाकट्या दिरांची जोडणी अशीच आली. त्यांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

रॉकेलसाठी भांडण आम्हा बायकांना नवं नव्हतं. 1972 चा दुष्काळ आणि महागाई, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेले मोर्चे, हे सगळं आमच्या आधीच्या पिढीने करून ठेवलं होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगार थांबला, रांग मात्र तीच राहिली. स्टोव्ह पेटवताना हात आखडायला लागला तो तेव्हा. डाळ पुरती शिजवायची की तेवढ्याच रॉकेलमध्ये पोरांचं पाणी तापवायचं, असे प्रश्न घरोघर रोज संध्याकाळी पडत.

आमच्या शेजारच्या खोलीत केरळची एक सिस्टर राहायची, इस्पितळात नोकरीला. ती ड्युटीवर जाताना भात चढवून जायची आणि स्टोव्ह विझवूनही जायची. आधी आम्हाला वाटलं, बाई उपाशी राहते. मग एकदा तिने पेटी दाखवली. लाकडी खोकं, आत थर्मोकोल, मधोमध भांड्याच्या मापाची खोबण, वर उशीसारखं झाकण. तिच्याकडे याला चूडारापेट्टी म्हणतात. केरळ शास्त्र साहित्य परिषद नावाची, 1962 पासूनची विज्ञान चळवळ आहे. सुधारित चुलीबरोबर ही पेटीही तिने केरळात घरोघरी नेली. तिथेही जाड उकडा तांदूळच, आणि जळणाची तशीच ओढाताण. आमच्याकडची विज्ञान चळवळ तेव्हा ग्रहणं दाखवत होती, बुवाबाजीवर बोलत होती, आणि ते गरजेचंही होतं. पण भाताच्या पातेल्यापर्यंत तिचे लोक फार कमी आले, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही.

थर्मोकोल आणायचा कुठून? पण चाळीत दोन वस्तू फुकट होत्या. मे महिन्यात रत्नागिरीहून येणारी हापूसची लाकडी पेटी, पेंढ्यासकट. आणि गिरणीतलं सुताचं वेस्ट, ज्याने तेव्हा अर्ध्या गिरणगावाच्या उशा भरलेल्या असत. पेटीच्या फटींवर आतून वर्तमानपत्र चिकटवलं, तळाला पेंढा दाबला, बाजूंनी वेस्ट ठासलं आणि वरून जुन्या लुगड्याची गादी शिवून टाकली. चाळीला वैल परत मिळाला.

यात जादू काही नाही. अन्न शिजायला तापमान लागतं; ते ज्योतीतून आलं की भांड्यात आधीच साठलेल्या उष्णतेतून, हे डाळीला कळत नाही. उकळी आल्यानंतरची ज्योत बहुतेक वाफ उडवण्यात आणि भांड्याच्या अंगातून जाणारी ऊब भरून काढण्यात खर्च होते. एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण सातपट ते सगळं वाफ करून उडवायला लागते. ऊब जाऊच दिली नाही तर पुढचं इंधन वाचतं. अट एवढीच की भांडं भरलेलं हवं (अर्धं रिकामं भांडं लवकर निवतं), डाळ आधी भिजलेली हवी, वाफ उडत नसल्याने भाताला पाणी थोडं कमी हवं, आणि मध्ये झाकण उघडून बघायचं नाही. ही शेवटची अट सासूबाईंना कधीच पाळता आली नाही.

दिरांनी पेटी पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, प्रेत बांधल्यासारखं दिसतंय.” त्यांच्या घरी गॅस होता, त्यांना बोलायला काय जातंय! पण पेटीने वाचवलेलं रॉकेल हा निम्माच नफा होता. डाळ करपत नव्हती, उतू जात नव्हती, तिच्याजवळ बसावं लागत नव्हतं. संपाच्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या कितीतरी जणी खानावळीचे डबे, शिवणकाम, पापड अशा कामांना लागल्या त्या या सुटलेल्या वेळावर. इंधनबचतीची सरकारी पत्रकं लिटर मोजत. बाईचा सुटलेला तास त्यांच्या कोणत्याच तक्त्यात बसत नव्हता. 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तोही किती चुली बसवल्या हे मोजत राहिला.

नव्वदीनंतरचा काळ मला कंटाळवाणा वाटतो. गॅस सहज मिळू लागला, प्रेशर कुकर प्रत्येक घरात आला. कुकरशी पेटीचं भांडण नाही. वेळेच्या शर्यतीत तोच जिंकतो, आणि पहिल्या शिट्टीनंतर त्यालाच पेटीत ठेवलं तर आणखी गॅस वाचतो. पण पेटी माळ्यावर गेली ती लाजेने. गॅस आला म्हणजे रांगेतले दिवस संपले, आणि पेटी त्या दिवसांची आठवण करून द्यायची. मधल्या काळात पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने सराई कुकर काढला, जेमतेम 100 ग्रॅम कांडी कोळशावर एका कुटुंबाचं जेवण वाफेवर शिजवणारा. पुणेकरांनी कौतुक केलं आणि मायक्रोवेव्ह घेतला. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हीच ऊब कापडी पिशवीत घालून ‘वंडरबॅग’ नावाने विकायला निघाली. आता ती आपल्याकडे चकचकीत स्टीलमधून येते आहे.

भाचीचा कुकर वाईट नाही, मी त्यात मूग शिजवून पाहिले, छान शिजतात. माझा राग वेगळा आहे. जी वस्तू पेंढा आणि चिंध्यांत होते, ती गरिबाच्या घरी असली की केविलवाणी आणि डब्यात घालून महाग केली की पर्यावरणपूरक. 2016 च्या उज्ज्वला योजनेतून 10 कोटींहून अधिक घरांत गॅसची जोडणी गेली. पुढे तर शेगडी आणि पहिला सिलिंडरही फुकट मिळू लागला. दुसरा भरून आणताना पुन्हा हात आखडतो, तो माझ्या ओळखीचा आहे. जोडणीबरोबर एक पेटी, किंवा ती कशी भरायची हे दाखवणारी बाई, द्यायला तेल कंपन्यांना काय जड आहे?

त्या देतील तेव्हा देतील. तोवर मे महिन्यात आंब्याचं खोकं रद्दीवाल्याला देऊ नका. हल्ली ते पुठ्ठ्याचं असतं आणि पेंढ्याऐवजी कागदाचे तुकडे निघतात, तरी चारी बाजूंनी जुनी गोधडी कोंबली की काम भागतं. पेटीतलं अन्न कोमट होईपर्यंत ठेवू नका, गरम असतानाच काढून वाढा, निवलंच तर पुन्हा उकळा. आणि राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून, पेटीत जाण्याआधी नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळ उकळू द्या. नुसत्या मंद उबेवर त्यातलं विष जात नाही.