ऐकीव गोष्टींची झडती : रूपकुंडच्या गारा

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या कुशीत, सुमारे ५००० मीटर उंचीवर रूपकुंड नावाचं एक छोटं तळं आहे. वर्षातला बहुतेक काळ ते गोठलेलं असतं. बर्फ वितळला की काठावरच्या दगडांत आणि उथळ पाण्यात माणसांची हाडं दिसू लागतात, तीही शेकडो माणसांची. १९४२ साली वनखात्यातल्या एच. के. मधवाल यांनी ती पाहिली आणि बाहेरच्या जगाला रूपकुंड ठाऊक झालं. गढवालला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. तिथे नंदादेवीच्या जागरांत एक कथा गातात. कनौजचा राजा जसधवल गरोदर राणीला आणि सगळा लवाजमा घेऊन देवीच्या यात्रेला निघाला. पवित्र डोंगरात त्यानं नाचगाणं मांडलं, देवी कोपली, लोखंडासारख्या गारांचा मारा झाला आणि राजासकट सगळे तिथेच संपले. राजानं नाच बसवला तो पडाव, पातर नचौणी, आजही रूपकुंडच्या वाटेवर लागतो.

या कथेला २००४ नंतर भलतीच प्रतिष्ठा मिळाली. शास्त्रज्ञांनी हाडं तपासली, कवट्यांवर वरून बसलेल्या माराच्या खुणा सापडल्या, आणि ‘विज्ञानानं दंतकथा खरी ठरवली’ असे मथळे झळकले. कथेत तथ्य आहे हे मलाही मान्य आहे. पण टाळ्या पडल्या त्या गारांना, आणि कथेतला सगळ्यात कच्चा दुवा नेमका तोच आहे. पक्की निघाली ती तिच्यातली साधी, कुणाच्या लक्षातही न येणारी बाब : मेलेले लोक यात्रेकरू होते आणि त्यांत बायका होत्या.

एवढ्या साध्या गोष्टीचं महत्त्व कळण्यासाठी शिकल्यासवरल्या लोकांनी आधी काय तर्क लढवले ते पाहायला हवं. १९४२ म्हणजे युद्धाचा काळ, तेव्हा पहिला संशय जपानी सैनिकांवर गेला. हाडं त्याहून बरीच जुनी दिसल्यावर १८४१ साली तिबेटात मारल्या गेलेल्या सेनापती जोरावरसिंहाचं परतणारं सैन्य पुढे आलं. कुणी मुहम्मद तुघलकाच्या हिमालयातल्या फसलेल्या मोहिमेपर्यंत मागे गेलं, कुणी साथीच्या रोगाचं नाव घेतलं. साथीचा अंदाज सोडला तर या सगळ्यांत एक गृहीत समान होतं, की एवढे लोक एवढ्या उंचीवर एकत्र मेले म्हणजे ते सैनिकच असणार. पण हाडांच्या आसपास हत्यारं मिळत नव्हती. मिळत होत्या काचेच्या बांगड्या, अंगठ्या, चामडी चपला. फौज बांगड्या भरून मोहिमेवर जात नाही. लेखी इतिहासाच्या आधारानं केलेले तर्क या बांगड्यांपाशी अडत होते आणि अडाण्यांची म्हणून बाजूला ठेवलेली कथा राणीचं आणि नाचणाऱ्या बायकांचं नाव घेत होती.

२००४ च्या मोहिमेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ होते, जनुकीय तपासणी हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेनं केली आणि कार्बन कालमापन ऑक्सफर्डमध्ये झालं. काळ निघाला इसवी सनाच्या नवव्या शतकातला, साधारण ८५० चा. काही कवट्यांवर खोल तडे होते, ते बरे होऊ लागल्याची खूण नव्हती, म्हणजे मार मृत्यूच्या सुमारास बसलेला. आघात वरून आणि बोथट वस्तूचा. मोठी गार हा त्यावरचा सुचण्याजोगा तर्क आहे. पण अशा न भरलेल्या तड्यांच्या व्यक्ती किती? अवघ्या तीन. शेकडोंमधल्या तीन. मोहिमेचा अहवाल लिहिणाऱ्यांनीही गारपीट ही एक शक्यता म्हणूनच मांडली होती आणि दुसरी कारणंही असू शकतात हे मान्य केलं होतं. बातमी होताना ही सावधगिरी गळून पडली. त्याच वेळी काही नमुन्यांचा जनुकीय संबंध कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतो असंही छापून आलं, आणि आपल्याकडे ते अजूनही मोठ्या हौसेनं सांगितलं जातं. एका दंतकथेची शहानिशा चालू असताना दुसरी जन्माला आली, ती अशी!

गारांनी माणसं मरतात का, हा आक्षेप मात्र टिकत नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादेत गारपिटीनं २४६ माणसं दगावल्याची नोंद आहे. उघड्या डोंगरावर, आडोसा नसताना, असं घडणं अशक्य मुळीच नाही. शिवाय थंडीनं गारठून मेलेल्या माणसाच्या हाडांवर खूण राहत नाही, त्यामुळे तीन कवट्या फुटल्या आणि बाकीचे गारठून गेले, असंही असू शकतं. गारपीट नाकारता येत नाही. ती सिद्ध झाली असं म्हणता येत नाही, एवढंच.

खरी उलथापालथ झाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात ३८ व्यक्तींच्या हाडांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २३ जणांची वंशपरंपरा भारतीय उपखंडातली, पण एका जातीची किंवा एका प्रांताची नव्हे, चांगलीच सरमिसळ. कोकणस्थांची बातमी इथेच बारगळते. पुरुष होते तसे बायकाही होत्या, आणि तपासलेल्यांत कुणीच कुणाचं जवळचं नातेवाईक नव्हतं. रोगजंतूंचा मागमूस लागला नाही. हाडांतल्या कार्बनवरून माणसानं गहू-तांदूळ खाल्ला की बाजरीसारखी भरड धान्यं, हे ओळखता येतं. या २३ जणांचा आहारही एकसारखा नव्हता. वेगवेगळ्या भागांतले, वेगवेगळं खाणारे, नात्याचे नसलेले स्त्रीपुरुष एका वाटेवर एकत्र कशासाठी येतील? यात्रेसाठी. रूपकुंडवरूनच नंदादेवी राजजात जाते, साधारण बारा वर्षांनी एकदा, आणि परिसरातल्या देवळांतले आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख ही यात्रा जुनी असावी असं सुचवतात. पण याच २३ जणांच्या तारखा सातव्या ते दहाव्या शतकापर्यंत पसरलेल्या आहेत. एका राजाचा एक तांडा एका वादळात गेला, हे त्यात बसत नाही. माणसं तिथे निदान दोनदा मेली आहेत.

इथे जाणकार वाचक विचारेल, की लोकांनी हाडं पाहिली आणि मागाहून कथा रचली, असं का नसेल? असू शकतं. दर यात्रेला शेकडो डोळे त्या बांगड्या आणि सांगाडे पाहत होते. कथा ही घटनेची आठवण आहे की पुराव्याचं वाचन, हे ठरवायला आज साधन नाही. पण वाचन मानलं तरी ते जपानी सैनिक आणि जोरावरसिंहवाल्यांच्या वाचनापेक्षा सरस होतं, कारण गढवाली माणसाला त्या वाटेवरून कोण जातं हे माहीत होतं. राजाचं नाव, देवीचा कोप, लोखंडी गारा हे गाणाऱ्याचे अलंकार म्हणून बाजूला ठेवले तरी यात्रा उरते.

कथा जिथे साफ गप्प आहे तो भाग याहून विलक्षण आहे. त्या ३८ पैकी १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य सागराकडचा निघाला. आजच्या लोकांत त्यांचं सगळ्यात जवळचं साम्य क्रीट बेटावरच्या लोकांशी. त्यांचा काळ साधारण १८०० चा. आणखी एक व्यक्ती आग्नेय आशियाई वंशाची. सिकंदराबरोबर आलेल्यांचे हे वंशज, अशी टूम लगेच निघाली; पण दोन हजार वर्षं इथे राहिलेल्यांत स्थानिक रक्त मिसळलं असतं, आणि या १४ जणांत ते दिसत नाही. म्हणजे ते तिकडूनच आलेले असणार. १८०४ मध्ये गढवाल गोरख्यांनी जिंकलं, १८१५ नंतर इंग्रज आले. इतक्या अलीकडच्या, कागदपत्रं ठेवणाऱ्या काळात स्त्रीपुरुषांचा एक परदेशी गट त्रिशूळखाली मेला आणि त्याचा ना जागरात उल्लेख, ना ज्ञात दप्तरांत. लोककथेत नाही म्हणून घडलं नाही, असा निकाल देणाऱ्यांनी हे १४ जण ध्यानात घ्यावेत. दप्तरात नाही म्हणून घडलं नाही, असं म्हणणाऱ्यांनीही. उत्तर मिळालंच तर ते बहुधा उस्मानी साम्राज्याच्या मुलखातून निघालेल्या एखाद्या प्रवासाच्या कागदांत असेल. तोवर ट्रेकर आठवण म्हणून हाडं उचलून नेत राहिले, तर तपासायला मागे फारसं काही राहणार नाही.

पुढच्या आठवड्यात : महाबलीपुरमची समुद्रात बुडालेली देवळं आणि २००४ च्या त्सुनामीनं उघडं पाडलेलं बांधकाम.