वेष्टनावरचा मजकूर

सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर जो मजकूर छापलेला असतो, त्यातील काही शब्दांमागे कायद्याचे आणि प्रयोगशाळेतील मोजमापाचे पाठबळ असते, तर काही शब्द, ते कितीही शास्त्रीय भासले तरी, उत्पादकावर कसलेच बंधन घालीत नाहीत. आणि हे दोन्ही प्रकारचे शब्द एकाच वळणाच्या अक्षरांत शेजारीशेजारी नांदत असल्यामुळे सामान्य गिऱ्हाइकाची फसगत होते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

अंगाच्या साबणाची एखादी वडी हातात घ्या. पुढल्या बाजूस चंदन, केशर, गुलाब यांची चित्रे असतात; मागल्या बाजूस बारीक अक्षरांत ‘टॉयलेट सोप, ग्रेड वन’ किंवा ‘बेदिंग बार’ असे लिहिलेले आढळते, आणि जवळच टीएफएम या अक्षरांपुढे एक आकडा असतो. हा आकडा वडीतील एकूण स्निग्धांशाचा. भारतीय मानक ब्यूरोच्या दंडकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावा लागतो. बेदिंग बारला मात्र ४० टक्के पुरतात. आपण दोहोंना सरसकट साबण म्हणतो आणि दुकानदारही तसेच म्हणतो. अर्थात बेदिंग बार म्हणजे हलका माल, असा निवाडा करणेही घाईचे ठरेल, कारण सौम्य कृत्रिम क्षालकांपासून बनविलेल्या काही वड्या कोरड्या त्वचेला साबणाहून अधिक मानवतात. मात्र आपण काय विकत घेतले, हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या भारदस्त शब्दाची हकिकत निराळी आहे. वाचणाऱ्यास तो वैद्याच्या दाखल्यासारखा वाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली असा नियम केला की, ज्याला हा शब्द वापरावयाचा असेल त्याने आपला माल इतरांच्या मालापेक्षा खरोखरच कमी बाधतो हे चाचण्यांनी सिद्ध करावे; परंतु दोन प्रसाधन कंपन्यांनी न्यायालयात हरकत घेतली आणि १९७७ साली तो नियम रद्दबातल झाला. याउलट, सूर्यकिरणांपासून रक्षण करणाऱ्या मलमांवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिण्यास त्याच प्रशासनाने २०११ च्या नियमांनी मनाई केली, ती टिकली. आता तेथे ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढेच म्हणता येते, आणि तेही ४० मिनिटे की ८० मिनिटे हे नमूद करून.

आपल्याकडे मला सर्वाधिक काळजी वाटते ती ‘काळी मेंदी’ या नावाची. मेंदीचा पाला लालसर तपकिरी रंग देतो, आणि तोही चढायला वेळ घेतो. जो कोन तासाभरात हातावर काळीकुट्ट नक्षी उमटवितो, त्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे केस रंगविण्याचे द्रव्य, मिसळलेले असते. हेच द्रव्य केसांच्या रंगाच्या खोक्यात असले म्हणजे आपला कायदा इंग्रजीत व स्थानिक भाषांत इशारा छापावयास लावतो: काहींच्या त्वचेस दाह होऊ शकतो, आधी थोडे लावून पाहावे, आणि भुवया वा पापण्यांना लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. परंतु त्यास मेंदी हे घरगुती, मंगल नाव दिले की लग्नघरी लहान मुलीच्या तळहातावर ते बिनदिक्कत लावले जाते, आणि इशारा वाचण्याची कोणास आठवणही होत नाही. त्या नक्षीच्या रेषांवर फोड आलेले हात त्वचारोगतज्ज्ञांपुढे येतात. आणि एकदा ही बाधा जडली की पुढे केसांचा रंग आयुष्यभर सोसत नाही, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते.

पार्लरांच्या पाट्यांवरील ‘केस कायमचे घालवा’ हे शब्दही असेच सैल आहेत. लेसरने केसांची वाढ दीर्घकाळ घटते, ते समूळ नाहीसे होतात असे नव्हे.

म्हणून पार्लर चालविणाऱ्या आणि मेंदी काढणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे की, कोनात केसांचा रंग असेल तर त्यास मेंदी म्हणू नये. आणि ज्या कोनावर घटकांची यादी छापलेली नाही, तो वाचकांनी आपल्या घरात कोणाच्याही हाताला लावू देऊ नये.