निषेधपत्रातून निघालेला राम

नव्वदच्या दशकातील चित्रपटांची उजळणी आता दर वर्षी कुठे ना कुठे होत असते आणि ‘माहेरची साडी’ला (१९९१) लोटलेल्या गर्दीपासून ‘झपाटलेला’मधील (१९९३) तात्या विंचूपर्यंत तिची ठिकाणेही एव्हाना ठरून गेली आहेत. या उजळणीतून एक चित्रपट मात्र हमखास निसटतो, कारण तो कोणाच्या खात्यावर मांडावा हेच ठरत नाही. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा सव्वादोन तासांचा ॲनिमेशनपट तोक्योत चितारला गेला, त्याचे मूळ संवाद इंग्रजीत आहेत, गाणी संस्कृतात आहेत, आणि नव्वदच्या आगेमागे जन्मलेल्या ज्या पिढीने तो लहानपणी दूरचित्रवाणीवर पाहिला तिच्या आठवणीत तो हिंदी चित्रपट म्हणून राहिला आहे. त्याचा निर्माता आणि कर्ता जपानी, त्याचे दिग्दर्शन कोइची सासाकी व राम मोहन यांच्यासह तिघांत वाटलेले, आणि त्याच्या जन्माच्या मुळाशी एक निषेधपत्र.

या पत्राकडे जाण्यासाठी आधी उत्खननाच्या खड्ड्यात उतरावे लागते. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी १९७५ मध्ये रामायणात उल्लेखिलेल्या स्थळांचा शोध घेणारा प्रकल्प हाती घेतला, आणि त्यात अयोध्या, नंदिग्राम, चित्रकूट, भरद्वाज आश्रम व शृंगवेरपूर या पाच ठिकाणी खोदकाम झाले. शृंगवेरपूर म्हणजे तेव्हाच्या अलाहाबादजवळचे, गंगेकाठी गुहकाने रामाला नावेतून पार नेले ते गाव. लालांच्या या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी १९८३ मध्ये युगो साको हे जपानी माहितीपटकार भारतात आले. १९२८ साली जन्मलेले साको भारताविषयी माहितीपट करणारे म्हणून जपानमध्ये ओळखले जात, परंतु रामकथेशी त्यांचा खरा परिचय या कामातूनच झाला. त्यानंतर जपानीत मिळतील तितकी रामायणे त्यांनी वाचून काढली. माहितीपटाचे नाव होते ‘द रामायण रेलिक्स’.

‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये या कामाविषयी मजकूर छापून आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दिल्लीतील जपानी दूतावासाकडे विश्व हिंदू परिषदेचे पत्र पोहोचले. रामायण हा भारताचा थोर राष्ट्रीय वारसा असल्याने कोणाही परदेशी माणसाला त्याचे मनमानी चित्रीकरण करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पत्राचा आधारच गैरसमजाचा होता, कारण साको रामकथेचे चित्रीकरण करत नव्हते, ते खड्डे, खापरे आणि विटा टिपत होते. तरीही पत्राचा काळ लक्षात घेतला तर त्यातील त्वेष अनाकलनीय राहत नाही. १९६४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही संघटना १९८३ च्या अखेरीस एकात्मता यात्रा काढणार होती आणि पुढच्याच वर्षी रामजन्मभूमीचा प्रश्न ऐरणीवर आणणार होती. राम ही श्रद्धेची बाब होतीच, ती राजकीय मालकीची बाब होऊ लागली होती आणि हे पत्र त्या संक्रमणातील एक छोटासा कागद आहे.

पत्राच्या मुद्द्याला परंपरेतच उत्तर होते. जपानमध्ये रामकथा साकोंच्या कितीतरी आधी पोहोचली होती. बाराव्या शतकात ताइरा नो यासुयोरी याने संकलित केलेल्या ‘होबुत्सुशू’ या बौद्ध कथासंग्रहात, चिनी ग्रंथांतून आलेल्या एका कथेत, राज्य सोडून डोंगरात गेलेल्या राजाची राणी नागराज पळवून नेतो आणि वानरांच्या साहाय्याने राजा तिला परत आणतो. त्यात रामाचे नाव नाही, लंकाही ओळखू येत नाही, पण सांगाडा तोच आहे. ‘मनमानी’चाच प्रश्न असेल तर दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला होता. रामाचे रूप कसे असावे याविषयीची मोकळीक या देशात फार जुनी आहे. ऐंशीच्या दशकात आकसली ती ही मोकळीकच.

साकोंनी पत्राला उत्तर दिले, गैरसमज दूर केला, आणि मग बहुतेकांनी केली नसती अशी गोष्ट केली. ज्या कामाचा निषेध झाला होता ते त्यांनी केलेलेच नव्हते. आता तेच करण्याचा प्रस्ताव, म्हणजे रामायणावर ॲनिमेशनपट काढण्याची कल्पना, त्यांनी परिषदेपुढे आणि भारत सरकारपुढे मांडली. त्यामागचा त्यांचा विचार असा होता की राम हा देव असल्याने त्याला हाडामांसाच्या नटापेक्षा चित्रातून दाखवणे अधिक योग्य ठरेल. दोन देशांनी मिळून चित्रपट करण्याच्या या प्रस्तावाला सरकारकडून अखेर नकार मिळाला. रामायण हा अतिशय नाजूक विषय आहे आणि तो कार्टूनच्या रूपात मांडता येणार नाही, हे त्याचे कारण. परिषदेचे पत्र चुकीच्या माहितीवर लिहिलेले असले तरी त्यात निदान वारशाविषयीची आस्था होती. सरकारी नकारात मात्र ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ हे गृहीतक आणि वाद टाळण्याची सावधगिरी यांखेरीज काही आढळत नाही. आणि हे त्या काळात घडत होते, जेव्हा सरकारी दूरदर्शनवर जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या अवधीत रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडत होती.

चित्रपट मग जपानमध्येच उभा राहिला. १९९० मध्ये सुरू झालेल्या या कामात सुमारे साडेचारशे कलावंत होते. संगणक त्या क्षेत्रात रुळण्यापूर्वीची ही पद्धत होती, तीत प्रत्येक हालचालीची चित्रे सेलवर, म्हणजे पारदर्शक पटलावर, हाताने रंगवून पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवली जात आणि एकेक करून त्यांचे छायाचित्रण होई. अशा सेलांची संख्या लाखाच्या घरात गेली. हा चित्रपट स्टुडिओ घिब्ली या जपानी ॲनिमेशन संस्थेचा असल्याचे अलीकडे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही.

भारतीय बाजू सांभाळणारे राम मोहन यांची कारकीर्द स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. १९३१ मध्ये जन्मलेले, रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले राम मोहन १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले, अमेरिकी साहाय्य योजनेतून तेथे शिकवण्यास आलेल्या डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झाले, आणि पुढे ‘भुवन शोम’ व ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांतील ॲनिमेशन त्यांच्या हातून उतरले. तोक्योत भारतीय चमूकडे आलेले काम चित्रांहून सूक्ष्म होते. धोतर कसे नेसतात, थोरांचे आशीर्वाद घेताना मूल कसे वाकते, हे जपानी चित्रकारांना समजावून द्यावे लागत होते. चित्रपटातील डोळे आणि चेहऱ्यांची ठेवण जपानी राहिली, देहबोली मात्र भारतीय झाली, आणि हे मिश्रण खटकत नाही याचे श्रेय या शिकवणीला द्यावे लागते.

सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते गाण्यांविषयी, आणि या चित्रपटातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय तोच असावा. संगीत वनराज भाटिया यांचे, म्हणजे लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना आवाज देणाऱ्या संगीतकाराचे, आणि संस्कृत गीते वसंत देव यांची. मराठी वाचकाला देव आठवायला हवेत ते विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ला हिंदीत नेणारे अनुवादक म्हणून; परंतु चित्रपटातील त्यांचे कामही थोडके नाही. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून निघालेल्या ‘भूमिका’साठी (१९७७) त्यांनी भाटियांबरोबर काम केले, ‘सारांश’साठी (१९८४) त्यांना गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या ‘उत्सव’ची गीते त्यांची, आणि ‘भारत एक खोज’च्या (१९८८) शीर्षकगीतात ऐकू येणारा ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा हिंदी अनुवादही त्यांचाच. प्राचीन संस्कृत आजच्या कानाला पेलेल असे करण्याचा सराव त्यांना होता. इंग्रजी संवादांचा जपानी चित्रपट कोणत्याच एका प्रांताचा नव्हता. त्यात हिंदी गाणी घातली असती तर तो उत्तरेचा झाला असता, इंग्रजी घातली असती तर डिस्नेची नक्कल ठरला असता. संस्कृतामुळे गाणी संवादांपासून वेगळी उभी राहिली आणि पात्रे बोलत नसतानाही कथेला तिचा मूळ स्वर मिळाला.

हा चित्रपट भारत-जपान राजनैतिक संबंधांच्या चाळिसाव्या वर्षाचे निमित्त धरून सिद्ध झाला आणि जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली होती, त्याला पाच-सहा आठवडे उलटत होते आणि मुंबई दंगलीत जळत होती. ज्या लालांच्या उत्खननामुळे साको भारतात आले होते, त्याच लालांनी १९९० मध्ये ‘मंथन’ या नियतकालिकात मशिदीलगतच्या स्तंभांच्या पायांविषयी लिहून वादाला पुरातत्त्वाचा आधार पुरवला होता. अशा दिवसांत युद्धातही शोक करणारा, मृदू रेषांचा हा राम चित्रपटगृहांत नेण्यास मोठा वितरक धजावणे अवघडच होते, आणि तेव्हा त्याचे सर्वत्र प्रदर्शन झाले नाही.

तो वाचला डबिंगमुळे, म्हणजे दुसऱ्या भाषेत संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केल्यामुळे. अमेरिकेसाठी केलेल्या आवृत्तीत रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन यांचा होता. पण त्या आवृत्तीत फारसे थांबण्यासारखे काही नाही. हिंदी आवृत्तीत रावणाला अमरीश पुरी यांचा, निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा यांचा आणि रामाला अरुण गोविल यांचा आवाज मिळाला, आणि वाहिन्यांवरून वारंवार दाखवली गेल्याने हीच आवृत्ती घराघरांत पोहोचली. देवाला नटाच्या चेहऱ्यातून सोडवावे म्हणून साकोंनी चित्राचा मार्ग धरला होता. हिंदी आवृत्तीने त्या चित्राला नेमका त्याच नटाचा आवाज दिला ज्याचा चेहरा म्हणजे राम असे सागरांच्या मालिकेमुळे देशाने १९८७ पासून ठरवून टाकले होते. व्यापारी दृष्टीने हा निर्णय हुशारीचा होता आणि चित्रपट त्यामुळेच टिकला, तरी मूळ कल्पनेवर त्याने पाणी फिरवले हे मान्य करावे लागते. हिंदी आवृत्तीत गाणीही हिंदीत आली, आणि वसंत देवांचे संस्कृत शब्द बहुसंख्य भारतीय प्रेक्षकांच्या कानी पडलेच नाहीत.

साको २०१२ मध्ये वारले, राम मोहन २०१९ मध्ये आणि भाटिया २०२१ मध्ये. २४ जानेवारी २०२५ रोजी, अयोध्येतील मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेला वर्ष उलटल्यावर, चित्रपटाची नव्याने स्वच्छ केलेली प्रत भारतभरच्या चित्रपटगृहांत लागली. या वेळी ना निषेधपत्र आले ना नाजूक विषयाची सबब. हिंदी संवाद नव्या कलावंतांकडून करून घेतले गेल्याने गोविलांच्या आवाजावर वाढलेले प्रेक्षक हिरमुसले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगू अशा चार आवृत्त्या तेव्हा निघाल्या; मराठी आवृत्ती त्यांत नव्हती.