शरीरात शिरताच घट्ट होणारे औषध

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 42-43 अंशांच्या वर जातो. शरीराच्या 37 अंश तापमानावर द्रवाचे जेल होणाऱ्या औषधांविषयी खान्देशात बोलायचे, तर सुरुवात उन्हाळ्यातल्या या पाऱ्यापासूनच करायला हवी.

खोबरेल तेल थंडीत गोठते आणि उन्हात पातळ होते. उबेने घट्ट होणारी ही औषधी जेल, म्हणजे हायड्रोजेल, नेमकी उलट वागतात. पोलोक्झामर 407 या बहुवारिकाचे साधारण 20 टक्के द्रावण फ्रिजमध्ये पातळ असते, शरीरात गेले की थोड्याच वेळात घट्ट होते. त्याच्या लांबट रेणूची दोन्ही टोके पाण्याला धरून राहतात, मधला भाग मात्र ऊब लागताच पाणी सोडतो. असे मधले भाग एकत्र येऊन सूक्ष्म गोळे तयार होतात, त्यांची दाटी वाढते आणि द्रव वाहायचा थांबतो. मग औषध त्याच जागी हळूहळू झिरपत राहते.

अमेरिकेत एप्रिल 2020 मध्ये मान्यता मिळालेले ‘जेल्मायटो’ याच तत्त्वावर चालते. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील सौम्य प्रकारच्या कर्करोगासाठी मायटोमायसिन गार जेलमध्ये मिसळून नळीवाटे आत सोडतात. नुसते द्रव औषध लघवीबरोबर लगेच वाहून गेले असते; जेल काही तास टिकते.

धुळे जिल्ह्यातही या वाटेवर काम झाले आहे, आणि तेही चिंचोक्यावर! शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतील संशोधकांनी 2013 मध्ये चिंचोक्यातल्या झायलोग्लुकनमध्ये रासायनिक बदल करून श्लेष्मल त्वचेला चिकटणारे, जागच्या जागी जेल होणारे द्रव्य तयार केल्याचे प्रसिद्ध केले. याच झायलोग्लुकनमधली काही गॅलॅक्टोज शर्करा एन्झाइमने काढून टाकली, तर त्याचे द्रावण उष्णतेने घट्ट होते आणि गार केल्यावर पुन्हा पातळ होते. एकेकाळी कापडाला खळ देणाऱ्या बियांचा हा उपयोग खान्देशाने अभिमानाने सांगावा असाच आहे.

अडचण उन्हाळ्याची आहे. शरीरात 37 अंशांवर घट्ट होणारा द्रव 43 अंशांच्या खोलीत कुपीतच घट्ट होणार. पोलोक्झामर गार केले की पुन्हा पातळ होते, पण त्यासाठी आरोग्य केंद्रातला फ्रिज चालू हवा आणि भरलेली सिरिंज रुग्णापर्यंत गारच पोहोचायला हवी. म्हणून अशा जेलची चाचणी वातानुकूलित प्रयोगशाळेत उरकून चालणार नाही. संशोधकांनी ती चोपडा-शिरपूरच्या मे महिन्यातही घ्यावी.